काकांच्या नावाची फियाट

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊनच बसा. आपल्या माळव्यातल्या बऱ्याच घरांत दारात एखादी जुनी गाडी झाकून ठेवलेली असते, आणि ती विकत घ्यायला माणसं टपलेली असतात. त्यांच्यासाठी लिहितेय. म्हणजे घरांसाठी, टपलेल्यांसाठी नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत सकाळच्या पेपरातून एक गुलाबी चिठ्ठी खाली पडली. "पुरानी फिएट, एम्बेसडर, जीप, लैम्ब्रेटा, बुलेट खरीदते हैं। किसी भी हालत में। कागज हों या न हों। घर बैठे नगद।" खाली मोबाईल नंबर. एरवी अशा चिठ्ठ्या आई पोळ्यांच्या डब्याखाली घालते. ही मात्र तिने चष्मा लावून वाचली आणि टेबलावर ठेवून दिली. काही बोलली नाही.

आमच्या फ्रीगंजच्या घराच्या अंगणात, कडुनिंबाखाली, ताडपत्रीखाली एक फियाट उभी होती. ११०० डिलाइट, १९६९ ची, फिकट निळी. १९९८ नंतर ती रस्त्यावर आलीच नव्हती. नाना २००८ मध्ये गेले, तेव्हापासून तर ताडपत्रीही फक्त दसऱ्याला निघायची, झेंडूचा हार घालायला. मी लग्नानंतर भोपाळला होते, नोकरीतून रिटायर झाल्यावर २०१९ मध्ये आईजवळ राहायला आले. भाऊ पुण्याला. आणि त्या वर्षी गच्चीचा स्लॅब गळायला लागला होता. गवंड्याने सांगितलेला आकडा ऐकून मी दोन रात्री झोपले नव्हते. तर ती चिठ्ठी नेमकी अशा वेळी आली.

गाडीची गोष्ट आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्या काळी गाडी 'घ्यायची' नसते, गाडीचा 'नंबर लागायचा' असतो, हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना टाकला, आणि तिथून या फियाट निघायच्या. पण देशभरात मागणी एवढी आणि गाड्या एवढ्याशा. पैसे भरा आणि वर्षानुवर्षं वाट पाहा. आमचे भाऊकाका, नानांचे थोरले भाऊ, वकील होते. त्यांनी १९६३ मध्ये नाव नोंदवलं. नंबर लागला १९६९ मध्ये. आणि नेमकं त्याच वर्षी वाड्यातलं एक मोठं लग्नकार्य पार पडल्यामुळे काकांचा हात रिकामा! नानांचा दवाखाना तेव्हा टॉवरजवळ चांगला चालू लागला होता. नाना म्हणाले, "नंबर सोडू नकोस, पैसे मी भरतो."

गाडी आली काकांच्या नावावर. नवी गाडी ठरावीक मुदतीच्या आत दुसऱ्याला द्यायची तर सरकारी परवानगी लागायची, म्हणून ठरलं की दोन वर्षांनी नानांच्या नावावर करून घेऊ. सख्खे भाऊ, एकाच वाड्यात राहणारे. घाई कोणाला होती?

इंदूरहून दोघे भाऊ गाडी घेऊन आले तो दिवस मला आठवतो. मी नऊ वर्षांची. गाडी घरी न आणता थेट चिंतामण गणपतीला नेली, नारळ फोडला, मग गोपाळ मंदिरामागच्या आमच्या वाड्यापाशी आली. गल्लीत ती शिरेना. शेवटी कोपऱ्यावर उभी केली आणि रात्रभर आमचा दादा, म्हणजे काकांचा मुलगा, तिच्या बॉनेटला टेकून बसला. कोणी चोरू नये म्हणून! मुंबईची मावसभावंडं आली की चिडवायची, कारण त्यांच्याकडे त्याआधीचं मॉडेल होतं, ज्याला तिकडे 'डुक्कर फियाट' म्हणतात, पुढची दारं उलटी उघडणारं. "तुमची दारं सरळच उघडतात," असं ते जणू आमच्यात खोट असल्यासारखं सांगायचे.

सकाळी नाना आधी काकांना कोठीवर कोर्टात सोडायचे, मग दवाखान्यात. संध्याकाळी उन्हेल, तराना, घट्टिया, जिथून बोलावणं येईल तिकडे. स्टिअरिंगजवळचा गिअर, पुढे सलग सीट. १९८० च्या सिंहस्थात पुण्याची, ग्वाल्हेरची सगळी मंडळी स्टेशनवरून आणायची आणि रामघाटाच्या जमेल तितक्या जवळ सोडायची, हेच काम. एका फेरीत नऊ माणसं बसलेली मी स्वतः मोजली आहेत, त्यात एक आजी सोवळ्यात होत्या आणि कोणाला शिवायला तयार नव्हत्या. त्या कशा बसल्या हे अजून कोडं आहे.

मग १९८४ मध्ये वाड्याची वाटणी झाली. त्याबद्दल लिहीत नाही. ज्यांच्या घरात वाटणी झाली आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांच्या घरात झाली नाही त्यांनी देवाला नमस्कार करावा. आम्ही फ्रीगंजला आलो, गाडी आमच्याबरोबर आली, आणि बोलणं थांबलं.

पुढच्याच वर्षी मी माहेरपणाला आले होते. नानांबरोबर गाडीत मागे बसले होते. चौकात भाऊकाका उभे होते, काळा कोट, हातात फायली, टेम्पोची वाट बघत. नानांनी गाडी हळू केली. इतकी हळू की मला वाटलं आता थांबणार, मी दाराच्या कडीला हातसुद्धा लावला. मग नानांनी गिअर बदलला आणि आम्ही पुढे गेलो. काकांनी वर पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी मागे वळून पाहिलं नाही. १९९६ मध्ये काका गेले तेव्हा नाना स्मशानात गेले, घरी नाही गेले.

आता चिठ्ठीकडे येते. आईने काही म्हटलं नाही तरी चौथ्या दिवशी मीच फोन केला. दुसऱ्या दिवशी दोघे जण हजर. एक बोलणारा, एक मुका. बोलणारा आधी आईच्या पाया पडला. मग ताडपत्री काढली.

त्यांची पद्धत सांगते, उपयोगी पडेल. आधी बोटांच्या पेरांनी मडगार्डवर टकटक. मग खिशातून लोहचुंबक काढून दारांवर फिरवला. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. प्रत्येक वेळी मान हलवायची आणि "च्च" करायचं. "माताजी, पतरा सड़ गया। इंजन जाम है। ये तो भंगार में ही जाएगी।" हे सगळं बोलणारा बोलत होता, आणि तेवढ्या वेळात मुका मोबाईलवर फोटो काढत होता. पुढची जाळी, हबकॅप, डॅशबोर्ड, डिकीतला मूळ जॅक, बॉनेट उघडून चॅसी नंबरची पट्टी, आणि नंबर प्लेट, ती जुनी तीन अक्षरांची. चांगली पंधरा मिनिटं. भंगाराचे एवढे फोटो कोण काढतं, हा विचार माझ्या मनात आला, पण स्लॅबचा आकडाही मनात होता.

"पस्तीस हजार. बाईसाहेब, तुमच्या वडिलांच्या आठवणीचा मान म्हणून." (हे हिंदीत म्हणाला, पण 'बाईसाहेब' अगदी मराठीत. मराठी घर बघून शब्द बदलतात हो ही माणसं.)

मी आर. सी. काढली. त्याने नाव वाचलं, विचारलं, हे कोण? सांगितलं, काका, १९९६ मध्ये वारले. मला वाटलं आता व्यवहार फिसकटला. तर त्याचा चेहरा उलट उजळला. भाव पंचवीसवर आला, कारण "कागज में दिक्कत है". आणि मग म्हणाला, "आप चिंता मत करो। फॉर्म पे काकाजी की साइन तो हो जाएगी। हमारा रोज का काम है।"

आई तोवर खुर्चीत बसून जपमाळ ओढत होती. ८७ वर्षांची, कानाने थोडी कमी. मला वाटलं तिला ऐकू आलं नसेल. तिने माळ मांडीवर ठेवली आणि त्याला विचारलं, "मरे हुए आदमी की साइन कौन करेगा?"

तो हसला. "हो जाती है माताजी।"

"मेरे जेठ की साइन कोई नहीं करेगा," आई म्हणाली. आणि माझ्याकडे वळून मराठीत, "त्यांना चहा दे आणि जाऊ दे."

चहा मी दिला. त्यांनी प्यायला. जाताना पाच हजार टोकन टेबलावर ठेवायला लागला, मी ते परत त्याच्या हातात दिले. इथे एक सांगते, टोकन घेतलं की माणूस मनाने बांधला जातो, घेऊ नका.

चार दिवसांनी बंगलोरहून मुलीचा मेसेज आला. फोटोत आमची गाडी, मागे आमचा कडुनिंब, तारेवर आईचं लुगडंसुद्धा! जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीच्या जाहिरातीत. "सिंगल ओनर, डॉक्टर फैमिली, ओरिजिनल नंबर। साढ़े तीन लाख।" गाडी अजून आमच्याच दारात होती आणि ती विकायला निघाली होती. रागापेक्षा मला हसूच आलं आधी. राग नंतर आला. लुगड्याचा जास्त.

मग मी ठरवलं की आधी समजून घ्यायचं. आर. टी. ओ.त गेले, एका ओळखीच्या वकिलांना भेटले. जे कळलं ते थोडक्यात लिहिते.

एकतर एवढी मागणी का. सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केला की ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात ठेवलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदवायची तर फी २० हजार, मुदत १० वर्षं, पुन्हा करायला ५ हजार. गाडीची नोंदणी आधीपासून असेल तर जुना नंबर तसाच ठेवता येतो. रोज बाजारात न्यायला ती चालत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरती. म्हणजे आपल्या दारातली १९६९ ची फियाट आणि तिची जुनी नंबर प्लेट हीच त्यांची मिळकत. त्यात ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी गेली, सगळ्या पेपरांत फोटो आले, लोकांना एकदम फियाटचा पुळका आला. माझ्या मते गुलाबी चिठ्ठ्या त्यानंतरच वाढल्या.

दुसरं, आणि हे महत्त्वाचं. गाडी दिली, पैसे घेतले, म्हणजे सुटलो असं नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या नजरेत मालक तोच. पुढे ती दहा हातांतून गेली आणि अपघात झाला तरी भरपाईचा प्रश्न आधी त्याच्याच दारात येतो. हे दलाल फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतात, नाव बदलतच नाहीत, पुढच्या गिऱ्हाईकाला तोच कागद देतात. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आर. टी. ओ.चं अधिकारपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची सूचना द्यायची असते. ते पत्र मागा. माझ्या दारात आलेल्याकडे नव्हतं, फोनवर विचारल्यावर त्याने नेटवर्क गेल्याचं सांगितलं.

आणि तिसरं. नोंदणीतला माणूस वारला असेल तर फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती. मुदत खरं तर तीन महिन्यांची असते, आमच्याकडे २८ वर्षं झाली होती, पण उशिराचा दंड भरून होतं, असं सांगितलं.

वारस म्हणजे इंदूरचा दादा आणि नागपूरची ताई. ज्यांच्याशी चाळीस वर्षांत आम्ही लग्नाच्या पत्रिकेपलीकडे बोललो नव्हतो.

मी आईला म्हटलं, "राहू दे आई, सडू दे तिथेच. काकांनी आयुष्यभर गाडी नावावर करून दिली नाही, आता त्यांच्या मुलांपुढे मी हात पसरू?" लहानपणापासून मी हेच ऐकलं होतं, की काकांनी नाव अडवून धरलं.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ट्रंकेतला बोर्नव्हिटाचा डबा आण."

डब्यात रोड टॅक्सच्या, विम्याच्या पावत्या, वर्षावार लावलेल्या. सगळ्या काकांच्या नावाच्या, भरलेल्या नानांनी. आणि तळाशी एका पाकिटात नाव बदलायचे फॉर्म. त्यावर भाऊकाकांची सही, काळ्या शाईत, तारीख १९८५ ची.

"कंपाउंडरच्या हाती पाठवले होते भाऊंनी," आई म्हणाली. "वाटणीनंतर वर्षभरात. तुझे नाना म्हणाले, उपकार करतोय का माझ्यावर? आणि ठेवून दिले. मी दोनदा म्हटलं, जाऊन या कचेरीत. मग म्हणायची सोडली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तुला सगळं माहीतच होतं."

मंडळी, त्या रात्री मी जेवले नाही. चौकातले काका डोळ्यांसमोर येत होते. ती सही करून पाठवल्यावरची गोष्ट आहे की आधीची, हे मी कितीतरी वेळ तारखा जुळवून बघत होते. नंतरचीच असावी.

दादाला फोन केला. नंबर पत्रिकेवरून घेतला. तो म्हणाला, "कोण?" मी म्हटलं, "दादा, मी बेबी. फ्रीगंजची." पलीकडे शांतता. मग, "काकू बऱ्या आहेत ना?" कारण आमच्याकडे एवढ्या वर्षांनी फोन येतो तो एकाच कारणासाठी. मी म्हटलं, "बरी आहे. फियाटबद्दल बोलायचं होतं."

त्याचा आवाजच बदलला. "आमची गाडी तुमच्या नानांनी दाबली, हे मी वडिलांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, पण आईच्या तोंडून रोज ऐकलं," म्हणाला. त्याला पैसे नानांनी भरले होते हेच माहीत नव्हतं. आणि मला सही आली होती हे माहीत नव्हतं. दोन्ही घरांत अर्धी अर्धी गोष्ट पाळलेली, मांजरासारखी.

रविवारी तो आला. इंदूर काय, ५५ किलोमीटर. सत्तरी ओलांडलेला, काठी घेऊन, बरोबर वहिनी. आईच्या पाया पडताना त्याला वाकता येईना, तर आईच उठून उभी राहिली. बोलणं फार झालं नाही. वहिनींनी आणलेली शेव आणि मी केलेले दाल-बाफले, त्यावरच जास्त बोललो. जेवण झाल्यावर मी त्याला तो फॉर्म दाखवला. त्याने खिशातून दुसरा चष्मा काढला, सहीवर बोट ठेवलं. वकिलाची सही, शेवटी लांब शेपूट. "बाबांचीच," म्हणाला. आणि फॉर्म परत न देता बराच वेळ हातातच धरून बसला. मी मागितला नाही.

मग अंगणात गेला, गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर बसला, डावीकडे. काका बसायचे तिकडे. स्टिअरिंगकडे नाही बसला.

पुढचं पटकन सांगते. नागपूरच्या ताईने संमती दिली, पण सरळ विचारलं, "माझा वाटा किती?" मला ते लागलं. आई म्हणाली, "बरोबर आहे तिचं. नाव तिच्या वडिलांचं होतं." कागदांना सात महिने लागले. दंड भरला, चार चकरा मारल्या. काकांच्या नावावरून गाडी आधी दादाच्या नावावर, मग विक्री. दलालांचे मधल्या काळात तीन फोन, दर वेळी भाव वाढवून, शेवटचा एक लाख दहापर्यंत. आम्ही दादाच्या ओळखीतल्या एका डॉक्टरांना दिली, इंदूरच्याच, ज्यांना ती चालती करून ठेवायची आहे. एक लाख पंच्याऐंशी हजार. नाव बदलून आल्याचा कागद हातात आल्यावरच गाडी हलवू दिली. पैसे दोन्ही घरांत निम्मे. स्लॅबचं काम आमच्या निम्म्यात पूर्ण झालं नाही, उरलेलं भावाने पुण्याहून पाठवलं.

१९८५ चा तो फॉर्म कामाचा नव्हताच, तो दादा घेऊन गेला. टॅक्सच्या पावत्यांचा डबा आमच्याकडे राहिला.

नोव्हेंबरमध्ये गाडी न्यायला सपाट ट्रक आला. मुलं जमली, मोबाईल निघाले. आईने दारातूनच हळदकुंकू लावायला सांगितलं, मी लावलं. ट्रक टॉवरकडे वळल्यावर कडुनिंबाखाली गाडीएवढा काळा चौकोन राहिला, गवत नसलेला. मी म्हटलं, इथे आता मोगरा लावू या.

"इथे नको," आई म्हणाली. "जमिनीत तेल मुरलंय. भिंतीकडे लाव."